सुकाणू कोणाच्या हाती?

माझा जन्म शिरूरचा, घोडनदीच्या काठचा. सासुरवाडी दौंडची, भीमेच्या काठची. नोकरीही दौंडलाच लागली, त्यामुळे जावई होऊन आलो तो रहिवासीच झालो. माझ्या गावची नदी पुढे हिच्या गावच्या नदीला मिळते, एवढे भूगोलाचे पाठबळ आमच्या संसाराला पहिल्यापासून आहे! शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि पुढे चित्रकलेच्या परीक्षा. शाळेत मी चित्रकला शिकवतो. पण दोन-तीन कादंबऱ्या नावावर असल्यामुळे गावात कुठे लग्न निघाले की वधूवरांना 'दोन शब्द' सांगायला मास्तरांनाच उभे करतात.

मीही ठरलेले दोन शब्द सांगतो. संसार हा रथ आहे आणि पतिपत्नी ही त्याची दोन चाके! टाळ्या पडतात, अक्षता पडतात, जेवणाची पंगत बसते. परंतु एकदा पंगतीत बसल्या बसल्या माझ्या मनात आले, चाकांना कुठे जायचे आहे हे कधी कोणी विचारले आहे काय? बैल ओढतात, गाडीवान कासरा धरतो, चाके बिचारी फिरत राहतात. मग या रथाचा गाडीवान कोण? उत्तर मला ठाऊक होते, म्हणूनच तो प्रश्न मी जिलबीबरोबर गिळून टाकला.

तो पुन्हा वर आला एका पत्रामुळे. माझा एक जुना विद्यार्थी बर्मिंगहॅमला नोकरी करतो. त्याने आणि त्याच्या बायकोने सुट्टीत आठवडाभर एक होडी भाड्याने घेतली आणि तिथल्या कालव्यांतून प्रवास केला. या होड्यांना तिकडे नॅरोबोट म्हणतात. लांबी जवळजवळ आगगाडीच्या डब्याएवढी आणि रुंदी पुरती सात फूटही नाही! आत चूल, बिछाना, न्हाणी, सारे एकामागे एक ओळीने. वेग ताशी चार मैलांच्या आत, म्हणजे काठावरून चालणारा माणूस रामराम करून पुढे निघून जातो.

'कालवा' म्हटले की आम्हां दौंडकरांच्या डोळ्यांपुढे खडकवासल्याहून येणारा मुठा कालवा उभा राहतो. १८७९ साली ते धरण पुरे झाले. त्याच्या पाण्याने आमच्याकडे ऊस उभा केला, भांडणेही उभी केली. आवर्तन सुटले की कालवा भरून धावतो, बंद झाले की तळातली दगडमाती दिसते. त्यात होडी कोण घालणार? आमचे कालवे शेतासाठी खणलेले, त्यांचे कालवे मालासाठी. १७६१ साली मँचेस्टरला कोळसा आणणारा ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि त्या शहरात कोळशाचा भाव निम्म्यावर आला. मग देशभर कालव्यांचे जाळे विणले गेले. खर्च वाचावा, पाणीही वाचावे, म्हणून पुष्कळ ठिकाणी दरवाजे सात फुटांचेच ठेवले. काठावरून एक घोडा चालायचा आणि पंचवीस-तीस टनांची होडी ओढायचा. पुढे आगगाडी आली, होडीवाल्यांची कमाई घटली. घरभाडे परवडेना, म्हणून बायकामुलांनी होडीतच बिऱ्हाड केले. जेमतेम दहा फुटांच्या खोपटात बाळंतपणे झाली, मुले वाढली.

माझ्या विद्यार्थ्याने लिहिले होते, 'सर, पहिले दोन दिवस आम्ही नुसते भांडलो.' कारण मजेदार आहे. त्या कालव्यांना चढउतार असतो. उंचीवर जायचे तर होडी दोन दरवाजांमधल्या हौदात घालायची, मागचा दरवाजा लावायचा आणि वरचे पाणी आत सोडायचे. हौद भरतो, होडी वर येते. उतरताना याच्या उलट. या हौदाला लॉक म्हणतात. एकाने होडी सांभाळायची, दुसऱ्याने काठावर उतरून झडपा फिरवायच्या आणि दरवाजे ढकलायचे. 'मला मोटार चालवता येते' या अधिकाराने चिरंजिवांनी सुकाणू घेतले आणि सूनबाई पावसात दरवाजे ढकलीत राहिल्या. त्यातून सुकाणूची गंमत अशी की, दांडा उजवीकडे ढकलला की होडीचे नाक डावीकडे वळते. मोटारीची विद्या तिथे निरुपयोगी. होडी दर वळणावर काठावर चढू लागली आणि प्रत्येक वेळी दोष दरवाजे ढकलणारीचा!

तिसऱ्या दिवशी उतरत्या लॉकमध्ये होडीची शेपटी मागच्या दरवाजापाशी असलेल्या दगडी पायरीच्या फार जवळ राहिली. पाणी खाली चालले. शेपटी पायरीवर टेकली असती तर नाक खाली गेले असते आणि होडी तिथेच बुडाली असती. सुकाणूवाल्याला ते दिसत नव्हते. वर काठावर उभ्या असलेल्या तिला दिसले. तिने ओरडून झडपा पाडल्या. त्या दिवसापासून दोघांनी पाळीपाळीने सुकाणू धरले. १८०५ साली बांधलेला पोंटकिसिल्टे नावाचा एक पूल आहे, त्यावरून कालवाच दरी ओलांडतो. खाली १२६ फूट खोल, एका बाजूला कठडासुद्धा नाही. 'तो पूल तिने पार केला,' त्याने लिहिले, 'मी आत चहा करीत होतो.' चहा करताना त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला असावा, असा माझा तर्क आहे.

पत्राच्या शेवटी त्याने जोडीच्या होड्यांची गोष्ट लिहिली होती. घोडे जाऊन यंत्रे आली तेव्हा यंत्राची एक होडी बिनयंत्राची दुसरी होडी मागे दोरीने ओढू लागली. या मागच्या होडीला 'बटी' म्हणत. पुढच्या होडीवर बहुधा नवरा, बटीवर बायको. वाचून मी मनात म्हटले, हे आमच्यासारखेच की! पण पुढचे वाक्य वाचून थबकलो. बटीलाही तिचे स्वतःचे सुकाणू असे आणि ते बायकोच्या हाती असे. ओढणारा ओढत असला, तरी वळणावर मागची होडी ज्याची त्याने सांभाळायची.

कोणी म्हणेल, एवढे कशाला? चोवीस तास एकत्र राहिले, अरुंद जागेत खांद्याला खांदा लागला, की मने आपोआप जुळतात. मलाही तसेच वाटे. पण १९३९ साली एल. टी. सी. रोल्ट नावाच्या एका इंजिनिअरने लग्न केले आणि नवी बायको अँजेला हिच्यासह 'क्रेसी' नावाच्या होडीत बिऱ्हाड थाटले. त्या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९४४ साली आले. ते वाचून लोकांना मरू घातलेल्या कालव्यांची माया वाटली, आणि १९४६ साली ते वाचवण्यासाठी संस्थाही निघाली. कालवे वाचले. पण १९५१ साली ती दोघे वेगळी झाली. त्यांच्या घरात काय झाले याचा निवाडा करणारा मी कोण? एवढेच दिसते की, सात फुटांच्या होडीत बारा वर्षे राहूनही दोन माणसे दोन दिशांना जाऊ शकतात. जवळ बसणे वेगळे आणि बरोबर जाणे वेगळे.

हे सारे मी सौभाग्यवतीला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, आपणही जाऊ की एकदा होडीतनं. लंडन कशाला पाहिजे? उजनी आहे की."

मागच्या थंडीत आम्ही दोघेच कुंभारगावला गेलो. लग्नानंतर मुलांशिवाय केलेला हा आमचा पहिला प्रवास. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि भीमेचा फुगवटा आमच्या तालुक्यापर्यंत येऊन पोचला. या पाण्याखाली कितीतरी गावे गेली आहेत. पाणी फार आटले म्हणजे जुन्या पळसदेवाचे देऊळ पुन्हा वर येते. पाहुणे येतात ते रोहित पक्षी बघायला. माझे लक्ष मात्र दूरच्या एका होडीकडे गेले. भोयाचे जोडपे होते. तो उभा राहून जाळे सोडीत होता, ती वल्हवीत होती. दोघे बोलत नव्हती. ती होडी इतकी बेताने धरी की जाळ्याला कुठे हिसका बसत नव्हता.

मला हुरूप आला. नावाड्याकडून मी वल्ही मागून घेतली. वल्ही ओढणारा जिकडे जायचे तिकडे पाठ करून बसतो. माझ्यासमोर ही, आणि हिच्यासमोर पाणी. "डावीकडं घ्या," ती म्हणाली. मला वाटले, हिला काय कळते? मी जोर करून सरळ ओढले आणि होडी जाळ्याच्या काठीला अडकली. नावाडी हसला. ती हसली नाही.

"मशीनच्या वेळी पण असंच झालं," ती हळूच म्हणाली.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवणाच्या कामासाठी तिला बाजारपेठेत एक गाळा घ्यायचा होता. अनामतीचे पैसे तिने स्वतः साठवले होते. मी 'नको' म्हटले. मुलांचा अभ्यास, घराची आबाळ, माझे लेखन, अशी कारणे दिली. तिने मशीनवर चादर घातली. पुढे त्या चादरीवर माझ्या कादंबरीची बाडे येऊन बसली. त्या कादंबरीची नायिका फार स्वाभिमानी होती, असे वाचकांनी मला कळवले आहे.

माझ्यापाशी एक युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नाही. संकटात दोन सुकाणू कामाचे नाहीत. २१ मे २०२४ रोजी याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसे गेली. त्यांत एक नवरा-बायको आणि त्यांची दोन लहान मुले होती. पाणी हा खेळ नाही. वारा सुटल्यावर चर्चा करीत बसता येत नाही, कोणातरी एकाचा शब्द शेवटचा असावा लागतो. मान्य. पण तो एक कोण? ज्याचा आवाज मोठा तो, की त्या क्षणी ज्याला पुढचे दिसते तो? आणि खरे सांगायचे तर गाळा घेताना कोणते वादळ सुटले होते? स्वच्छ ऊन होते. पाठ करून मी बसलो होतो.

गाळा आता दुसऱ्याचा आहे. तो काही परत मिळाला नाही. बाडे मी खाली काढली आणि मशीन पुढच्या खोलीत आले. सणाच्या आधीचा महिना म्हणजे शिवणाचा हंगाम. ही ओळ लिहितानाही पलीकडे मशीन खडखडते आहे, आणि माझी एकाग्रता मोडते, ही तक्रार मी करणार नाही असे म्हणालो तर ते खोटे होईल. तक्रार करतो. ती ऐकून घेते आणि पुढचा ब्लाऊज मशीनखाली सरकवते. यंदा चकल्या मी पाडल्या. त्या तुटल्या. "पिठाला मोहन जास्त झालं," ती आतून न उठताच म्हणाली. न बघता तिला कसे कळले कोण जाणे.

या तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मांडव पडतील आणि मला दोन शब्द सांगायला उठावे लागेल. रथाची चाके मी मोडीत काढली आहेत. त्यांच्या जागी काय सांगावे हे मी हिलाच विचारले. ती म्हणाली, "एकदा नवरीला उभी करा की बोलायला."