शेवटचे स्टेशन

एखाद्याचे महत्त्व तो किती जणांना अडवू शकतो यावर मोजावे, की किती जणांना पुढे जाऊ देतो यावर? या प्रश्नाचा विचार करताना मला पेडणे स्थानकाची आठवण होते.

कोकण रेल्वेचे रूळ मुंबईकडून डिसेंबर १९९६ मध्ये सावंतवाडी रोडपर्यंत आले आणि मंगळूरकडून ऑगस्ट १९९७ मध्ये पेडण्यापर्यंत. मधला थोडाच टापू उरला होता. पण त्यात सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बोगदा होता आणि तेथली मऊ, ओली माती कोणाची घाई जुमानत नव्हती. तो पुरा होऊन २६ जानेवारी १९९८ रोजी सलग मार्ग खुला झाला. तोवरचे पाचेक महिने दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीचे पेडणे हेच शेवटचे स्टेशन होते. सर्वांना तेथे उतरावेच लागे. आज कित्येक गाड्या तेथे न थांबता निघून जातात.

याला त्या स्थानकाची अवनती म्हणावे काय? पूर्वी मी तसेच म्हटले असते. डिचोलीत नोकरीला असताना, 'साहेब रजेवर असले की काम अडते', हे वाक्य मी स्तुती म्हणून ऐकत असे. माझ्या अशाच एका रजेत वारसा-नोंदीसाठी आलेल्या एका वृद्ध बाईंना दोन हेलपाटे पडले. सही कोणाही सहकाऱ्याला करता आली असती. अधिकार मीच सोपवला नव्हता. पेडण्याला गाडी थांबत होती ती मातीमुळे. माझ्या टेबलावर कागद थांबला तो माझ्यामुळे.

आपली कोणाला गरज भासावी, ही इच्छा गैर नाही. तिच्यामुळेच माणूस झटून काम करतो. परंतु गरज असणे वेगळे आणि अडसर होणे वेगळे, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

मार्ग एकदा मोकळा केला की कर्तव्य संपते, असेही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याची भिंत ढासळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरले, आणि गाड्या खोळंबल्या. दोन्ही वेळा ज्यांनी चिखलात उभे राहून वाट पुन्हा सुरू केली, त्यांची नावे प्रवाशांना ठाऊक नाहीत. गाडी न थांबता पुढे गेली, हीच त्यांच्या कामाची पावती.

त्या बाईंची क्षमा मागायची मात्र राहून गेली.