पेपी आणि आगाव

चुडाव्याच्या स्टेशनात नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात पुण्याहून नातीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं नाचून दाखवलं आणि मी बोलून गेलो, "काय पेपी आहे आमची पोरगी!" शब्द सूनबाईंचा, उसना घेतलेला. बाकड्यावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "पेपी म्हंजी काय, सर?"

"चुणचुणीत," मी म्हणालो.

घरी येऊन शब्दाचा माग काढला. इंग्रजीत मिऱ्याला पेपर म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याचं शेपूट तोडून 'पेप' झालं, म्हणजे अंगातला जोर, तरतरी, त्यावरून पेपी. गाण्याला, चालीला, पोराटोरांना शोभतो. शोकसभेतल्या भाषणाला नाही. पण पेपरचं मूळ मागं लॅटिन, ग्रीक असं करत आपल्या पिप्पलीपाशी येतं. खोकल्यावर मधातून चाटवतात तीच पिंपळी! आणि आपलं चुणचुणणं म्हणजे तरी काय, बारीक झोंबणंच की.

म्हणजे 'चुणचुणीत' हा शब्द माझ्याजवळ होता. तीस वर्षं फळ्यापुढं उभा राहिलो, पण तो फार थोड्यांना दिला. मधेच बोलणारा मुलगा असला तर हुशार, मुलगी असली तर आगाव, असा माझा हिशेब.

सातवीतली एक पोरगी अजून डोळ्यांपुढं आहे. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर, बाकावरून अर्धी उठलेली. तिची आई कापूस वेचायला जायची. एका पालकसभेला मजुरी बुडवून आली होती. मी तिला म्हणालो, "लेकरू आगाव आहे, जरा आवरा." गणितात पोरगी वर्गात पहिली आहे, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मी सांगितलं नाही. आदल्या आठवड्यात तिनं फळ्यावरची माझी चूक सगळ्या वर्गादेखत दाखवली होती, तो राग मनात होता.

आई काही बोलली नाही, नुसती मान हलवून गेली. दुसऱ्या दिवसापासून पोरीचा हात वर येईना. वर्ग शांत झाला आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर तिच्या नावापुढं मी शेरा लिहिला : वर्तणुकीत सुधारणा.