आवाज पोहोचायचा

जेसल पार्कच्या चौपाटीवर या, ऊन उतरल्यावर. चौपाटी म्हटलं म्हणून गिरगावसारखी वाळू मनात आणू नका. इथे खाडी आहे, गाळ आहे, खारफुटी आहे आणि गणपतीत विसर्जनाची गर्दी. एरवी काठावर बसायला जागा मिळते. बसा. फोन खिशात राहू दे.

समोर वसईची खाडी. डावीकडे रेल्वेचा पूल. विरारची गाडी त्यावर चढली की तिचा आवाज बदलतो, जमिनीवरचा खडखडाट पाण्यावर आला की पोकळ होतो. एक गाडी पूर्ण जाऊ द्या. तो आवाज कुठे संपला हे नेमकं सांगता येतं का बघा.

आता पाणी. भरती चालू आहे की ओहोटी, हे नुसतं पाण्याकडे बघून कळत नाही. लाटा दोन्ही वेळी सारख्याच दिसतात. त्यासाठी एक न हलणारी खूण धरावी लागते. एखादा दगड घ्या, गाळात रोवलेला एखादा खुंट घ्या. पाणी त्याला कुठवर लागलंय ते पाहून ठेवा आणि घाई करू नका. खुंट हलत नाही म्हणून तर पाण्याची चाल दिसते.

आज आपण मनातला असा एक खुंट बघणार आहोत. त्याचं नाव कूपरेज, दक्षिण मुंबईतलं फुटबॉलचं मैदान.

मनातल्या मनात स्टेशनला चला. इथून सुटणारी भाईंदर लोकल धरा. विरारहून भरून आलेल्या गाडीत का शिरायचं नाही, हे भाईंदरकराला सांगायला नको. खिडकी मिळाली आहे असं समजा. मननात तेवढी चैन चालते. अंधेरी येईल, उतरायचं नाही. दादर जाईल. चर्चगेटला उतरा आणि महर्षी कर्वे रोडने दक्षिणेला चालू लागा. डाव्या हाताला ओव्हल मैदान, पांढऱ्या कपड्यांतली क्रिकेटची पोरं, त्यांच्या पलीकडे राजाबाई टॉवर. उजव्या हाताला गोल सज्जांच्या जुन्या इमारती. 2018 साली हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. पाहायला लोक लांबून येतात. आपण मात्र इथून नेहमी पाय उचलून गेलो, किक-ऑफ चुकू नये म्हणून.

ओव्हल संपतं, बँडस्टँडची बाग लागते आणि तिच्या शेजारी ते मैदान. फाटकाबाहेर थांबा, लगेच आत जाऊ नका.

कूपर म्हणजे पिंपं बनवणारा कारागीर. कंपनी सरकारच्या काळात इथे पिंपं बनायची, त्यावरून हे नाव. मला ही गोष्ट फार आवडते. क्रिकेटच्या मैदानाला लाटसाहेबांचं नाव मिळालं. फुटबॉलला मिळालं कारखान्याचं.

आता आत या. पाचेक हजार माणसं मावतील एवढंच मैदान. साध्या पायऱ्या. कुठेही बसलात तरी खेळाडू हाकेच्या अंतरावर. हे ‘हाकेचं अंतर’ जरा मनात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

डोळ्यांना आधी काय दिसतं? मला आजही कोपऱ्यातलं कॉर्नरचं निशाण दिसतं, दमट हवेत लोंबणारं. कानांना काय येतं? चेंडूला बूट लागल्याचा ठोका, जो टीव्हीवर कधीच तसा येत नाही. आणि गोलकीपर आपल्या बचावफळीवर मराठी-हिंदीची मिसळ करून ओरडत असतो, तो शब्द न् शब्द. तुमच्या आठवणीत आधी जे आलं असेल तिथे थांबा. माझंच यायला हवं असं नाही.

या मैदानाने मोठे दिवस पाहिले आहेत. रोव्हर्स कप 1891 साली सुरू झाला, आधी गोऱ्या पलटणींचाच. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी तो जिंकला तेव्हा पहिल्यांदा करंडक देशी संघाच्या हातात आला. 1950 ते 1954 सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस, प्रशिक्षक रहीमसाहेबांच्या तालमीतला संघ. कलकत्त्याचे संघ आले की मुंबईतला बंगाली माणूस रजा टाकायचा. दिलीपकुमारसारखा नट पायऱ्यांवर येऊन बसायचा. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स हे सगळे कंपन्यांचे आणि गिरण्यांचे संघ. खेळाडूला तिथे नोकरी मिळायची. रोव्हर्स कप या शतकाच्या तोंडावर बंद पडला. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. विजेता संघ, चार वर्षांत नाहीसा.

पण आज आपण ज्याच्यासाठी आलो तो संघ एवढा मोठा नव्हता. मुंबई एफसी. 2007 साली जन्म, पिवळी जर्सी, आय-लीगमध्ये बहुतेक वेळा तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात. खालिद जमील आधी तिथे खेळला, मग बरीच वर्षं प्रशिक्षक होता. दर मोसमात संघाला खाली उतरण्यापासून वाचवणं हेच जणू त्याचं काम. कूपरेजची डागडुजी निघाली तेव्हा घरचे सामने पुण्याला बालेवाडीत झाले. मुंबईचा संघ, घर पुण्यात! मग एकदाचे ते परत आले, कृत्रिम हिरवळीवर. 2016-17 मध्ये संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला, खाली उतरला आणि मालकांनी दार लावून घेतलं. त्याच मोसमात, मुंबईतून बाहेर पडलेल्या खालिद जमीलने आयझॉल एफसीला, म्हणजे मिझोरमच्या एका छोट्या संघाला, आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. 2025 मध्ये तो भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. पिवळ्या पायऱ्यांवरच्या आम्हा लोकांना त्याचा आनंद झाला आणि तो सांगायला जागा नव्हती.

इथे एक श्वास घ्या. खुंटाकडे बघा. पाणी हललंय का?

आता एकेक गोष्ट बाजूला ठेवून बघू. आपल्याला नेमकं काय आठवतं?

मैदान? ते तर तिथेच आहे. उद्या गेलात तर फाटकातून आत कुणीतरी खेळताना दिसेल. लंडनमध्ये आर्सेनलचं हायबरी मैदान 1913 ते 2006 चाललं, मग क्लब जवळच नव्या मोठ्या स्टेडियममध्ये गेला आणि जुन्या स्टँडमध्ये फ्लॅट झाले. जिथे गोल व्हायचे तिथे सोसायटीची बाग आहे. तिथल्या चाहत्याचा क्लब आहे आणि मैदान गेलं. आपलं उलटं झालं. माहेरचं घर उभं आहे, ओसरीही तीच, पण हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. म्हणजे मैदान बाजूला ठेवा.

मग खेळ? खेळ तर आता जास्त चांगला बघायला मिळतो. 2014 मध्ये मुंबई सिटी ही नवी टीम आली, पहिले दोन मोसम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, 2016 पासून अंधेरीत. तिने करंडक आणले, परदेशी खेळाडू आणले, उजेड आणला. जेसल पार्कहून अंधेरी निम्म्या वाटेवर आहे, येताना उभ्याने येण्याची वेळही कमी. मी जातो. ओरडतोही. म्हणजे खेळही बाजूला ठेवा.

विजय? ते फारसे नव्हतेच. हसा हवं तर.

तारुण्य? इथे सावध राहा. प्रत्येक आठवणीच्या तळाशी आपलं गेलेलं वय असतं, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या वयात मी इतरही बऱ्याच जागी गेलो, त्यांची अशी ओढ लागत नाही. तेही सध्या बाजूला ठेवा.

काय उरलं? गडबडीने उत्तर देऊ नका. पुलावरून अजून एक गाडी जाऊ द्या.

मला जे उरलेलं सापडलं ते सांगतो. एका संध्याकाळी, सामना रडत चालला होता, पायऱ्यांवर माणसं तुरळक. आमच्यातला एक जण उजव्या बगलेच्या खेळाडूला त्याच्या नावाने ओरडला, ‘अरे, मागे बघ!’ आणि त्याने खरंच मागे पाहिलं. चेंडू वाचला. सामन्याच्या निकालावर त्याचा काही परिणाम झाला नाही. निकाल आठवतही नाही. पण तो मित्र परतीच्या गाडीत बोरिवलीपर्यंत त्या हाकेबद्दल बोलत होता. आपला आवाज पोहोचला होता.

हेच ते हाकेचं अंतर. मोठ्या स्टेडियममध्ये हजारो आवाजांचा मिळून एक गजर होतो, अंगावर काटा येतो, त्यात आपणही असतो. पण आपण ओरडलो नसतो तरी तो तेवढाच झाला असता. कूपरेजला माणसंच एवढी कमी असायची की एक जण घरी राहिला तर पायऱ्यांवर भोक पडलेलं दिसायचं. ते मैदान गरीब होतं म्हणून आपल्याला तिथे वजन होतं. ही गोष्ट क्लबाच्या मालकांसाठी चांगली नव्हती हे मला कळतं. तिकीटबारीवर अशी आपुलकी मोजता येत नाही.

कोल्हापूरकराला यातलं दुःख कदाचित समजणार नाही. तिथे फुटबॉलचा संघ तालमीचा, तालीम पेठेची. पाटाकडील किंवा दिलबहार एखादा सामना हरेल, शाहू स्टेडियममध्ये गोंधळ होईल, पण पेठ उठून कुठे जाणार? आपला संघ कुणाच्या तरी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेला होता. लंडनच्या विम्बल्डनमध्ये क्लब दुसऱ्या शहरात न्यायचं ठरलं तेव्हा चाहत्यांनी 2002 मध्ये स्वतःचा नवा क्लब काढला आणि 2020 मध्ये तो प्लाउ लेनवर, जुन्या मैदानाच्या अगदी जवळ, परत आणला. आपण नाही काढला. का नाही, हा प्रश्न कधीतरी शांतपणे स्वतःला विचारा. आज नाही.

आता मनातल्या कूपरेजच्या पायऱ्यांवर एकदाच बसा. रिकाम्या मैदानाकडे बघा. ज्याचं नाव आठवतं अशा एखाद्या खेळाडूचं नाव घ्या, मोठ्याने नाही, ओठांपुरतं. त्याने मागे बघेपर्यंत थांबा.

मग परत या, चर्चगेटपासून एकेक स्टेशन करत. इथे आता अंधार पडला असेल. पुलावर गाडीच्या खिडक्यांची एक ओळ सरकते आहे, तिचा उजेड पाण्यात तुटक दिसतो. भाईंदरच्या मिठागरांकडून खारट वारा येतो आहे. मघाशी धरलेला खुंट शोधा. नीट बघा, अंधारात जरा वेळ लागेल. पाणी खाली गेलंय, ओला पट्टा तेवढा दिसतो आहे, हाताच्या पंजाएवढा.