दारूचा महसूल आणि माळकऱ्याचा वाटा



माऊली, आषाढी एकादशीला आपल्या राज्यात दारूची दुकाने बंद असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पालखी ज्या गावी मुक्कामाला उतरते, तिथेही जिल्हाधिकारी दुकाने बंद ठेवण्याचा हुकूम काढतात. आपल्याला ते बरे वाटते. वाटायलाही हवे. पण कधी हा विचार मनात येतो का, की हे कुलूप नेमके कोणासाठी लागले? ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ आहे तो त्या दुकानाची पायरी तशीही चढणार नव्हता. जो चढणार होता त्याने आदल्या रात्री घेऊन ठेवलेली असते. आणि पालखी पुढच्या मुक्कामाला निघाली की त्याच दुकानाचे शटर पुन्हा वर जाते. म्हणजे आपल्या डोळ्यांना दारू दिसू नये, एवढी सोय झाली. वारीचा मान राखला गेला, गाव होते तिथेच राहिले.

याच सरकारची दुसरी बाजू पाहू. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचे शुल्क वाढवले. त्यानंतर आठच दिवसांनी तुकोबांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान झाले. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यातल्या स्वस्त प्रकारांवर निर्मितीमूल्याच्या तिप्पट शुल्क होते, ते साडेचारपट झाले. देशी दारूवरचे शुल्क प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ झाले. १८० मिलिलिटरच्या देशीच्या बाटलीची, म्हणजे ज्याला सगळे क्वार्टर म्हणतात तिची, किमान किंमत ८० रुपये ठरली. धान्यापासून बनणाऱ्या नव्या दारूचा 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाचा एक वर्गच निघाला. आणि या साऱ्यातून तिजोरीत वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा येतील, असा अंदाज सांगितला गेला.

या अंदाजापाशी थोडे थांबा. दर वाढवताना हिशेब मांडला तो किती रुपये येतील याचा. किती माणसे पिणे सोडतील याचा नाही. हेतू महसूलवाढीचा होता आणि सरकारने तो लपवलाही नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचेच म्हणायचे. पण मग प्रश्न उरतो: दारूवरचा कर हा दंड आहे की वाटा?

दंड आणि वाटा यांत फरक कसा ओळखावा? सोपे आहे. सरकारी हद्दीतले झाड तोडणाऱ्याला दंड होतो. उद्या कोणीच झाड तोडले नाही आणि दंडाची रक्कम शून्यावर आली, तर सरकारला आनंद व्हायला हवा. वाट्याचे तसे नसते. ज्याच्या धंद्यात आपला हिस्सा आहे, त्याचा धंदा बसला तर आपल्यालाही चटका बसतो. उद्या महाराष्ट्रात एकानेही दारू घेतली नाही तर मंत्रालयात पेढे वाटले जातील की बैठका बोलावल्या जातील, हे आपले आपणच ठरवावे.

ही गोष्ट आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहेच. इंग्रजांच्या अमदानीत अबकारीचे उत्पन्न वाढत गेले. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, शहरात दारूची दुकाने वाढत चालली होती, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७व्या कलमात, औषधाखेरीज मादक पेयांचे सेवन बंद व्हावे यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आले. त्याच घटनेच्या राज्यसूचीत दारूवर कर बसवण्याचा अधिकारही राज्यांना मिळाला. एका हाताला बंदीचे काम, दुसऱ्या हाताला वसुलीचे. २०१७ साली जीएसटी आल्यावर बहुतेक वस्तूंवरचे कर त्यात गेले, पिण्याची दारू मात्र बाहेर राहिली. त्यामुळे राज्यांच्या स्वतःच्या हातात जे मोजके कर उरले, त्यांत दारू बसली आहे. कोणत्याही पक्षाचे सरकार असो, पैशाची ओढ लागली की त्याचा हात तिकडेच जातो.

आपल्या राज्यातला मूळ कायदा १९४९ चा, आणि त्याचे नावच दारूबंदी कायदा. आज जो विभाग दुकानांना परवाने देतो आणि शुल्क गोळा करतो, तो याच बंदीच्या कायद्याखाली. पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा, आणि त्या कागदावर प्रकृती राखण्यासाठी दारू हवी अशा अर्थाचे शब्द असतात! शब्द बंदीचे आणि व्यवहार विक्रीचा. इतक्या वर्षांत कोणाला ते खटकत नाही, हे नवल.

आता एक शंका कोणी घेईल. कर वाढला की दारू महाग होते, महाग झाली की माणूस कमी पितो, मग हेतू काहीही असो, फळ चांगलेच ना? ही शंका झटकण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनाही करांनी किंमत वाढवणे हा दारू कमी करण्याच्या प्रभावी उपायांत धरते. जो पोरगा अजून नादाला लागलेला नाही, त्याला महाग बाटली लांब ठेवू शकते. तेवढ्यापुरते हे मान्य.

पण ज्याला रोजची लागली आहे त्याच्या घरचा हिशेब मांडा. रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी आपल्याकडे दिवसाला ३१२ रुपये होती. त्यातले ८० रुपये एका क्वार्टरला गेले, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. पूर्वी मराठ्यांची चौथाई परमुलखातून वसूल होई. ही घरातल्या पिठाच्या डब्यातून वसूल होते. रोज एक धरली तर महिन्याला २,४०० रुपये. त्याच घरातल्या बाईला लाडकी बहीण योजनेचे १,५०० येतात. तिजोरीतल्या रुपयांवर कोणाचे नाव नसते, म्हणून तेच पैसे परत आले असे कोणी म्हणू नये. पण ती बाई महिन्याच्या शेवटी ९०० रुपयांनी मागेच आहे. बाटली आणखी महाग झाली तर व्यसनी माणूस दारू सोडण्याआधी बायकोच्या बटव्याला हात घालतो. तेव्हा दंड बसला तो पिणाऱ्याला नाही, न पिणाऱ्याला.

मग कोणी म्हणेल, करबिर नको, सरळ बंदी करा. मलाही तसे म्हणावेसे वाटते. वर्ध्यात १९७४ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला, अधिवेशन चालू होते तिथपर्यंत, पायी चालत गेल्या. हातात टाळ नव्हते, पण चालणे तेच. २०१५ साली तिथे बंदी आली आणि २०२१ साली उठवली गेली. कारणे सांगितली ती अवैध दारूची, गुन्ह्यांची आणि बुडालेल्या महसुलाची. पहिली दोन कारणे खोटी नाहीत. चोरटी दारू किती घातकी असते, ते मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली तेव्हा दिसले, आणि तिथे तर बंदीही नव्हती. पण तिसरे कारण कानाला खुपते. बायका ज्या संकटातून सुटका मागत चालल्या, त्या संकटाचे उत्पन्न बुडाले ही तक्रार त्यांना ऐकवायची कशी?

इथवर सरकारविषयी बोललो. ते सोपे असते. आता आपल्याकडे वळू.

पालखीचा रस्ता आठवा. बारामती, इंदापूर, अकलूज, माळशिरस. दोन्ही बाजूंना उसाची हिरवी भिंत. हा ऊस कारखान्यात जातो, साखर निघते, मागे मळी उरते. त्या मळीपासून मद्यार्क होतो आणि त्यातूनच देशी दारू. आता बरीच मळी इथेनॉल होऊन पेट्रोलात जाते, हे खरे. पण माझ्या शेतातल्या उसाची मळी पेट्रोलच्या टाकीत गेली की बाटलीत, हे कोणता माळकरी शेतकरी सांगू शकेल? दुसरीकडे वारीच्या वाटेवरचे टँकर, दवाखाने, शौचालये, रस्ते सरकारी पैशातून होतात. २०२४ साली सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्या पैशात दारूचा रुपया नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

याचा अर्थ टँकरचे पाणी पिऊ नये असा मी काढत नाही. तसा काढला तर उद्या दवाखान्यातले औषधही वर्ज्य होईल आणि सोवळ्याचे एक नवे खूळ तेवढे माजेल. संतांनी ज्या सोवळ्याला बाजूला सारले, ते आपण दुसऱ्या दाराने आत आणू नये. पण आपण त्या वाट्यात आहोत एवढे कळले, की मग "आम्ही माळकरी, दारूशी आमचा संबंध नाही" हे वाक्य पूर्वीसारखे सहज तोंडातून निघत नाही. संबंध आहे. आपण पीत नाही इतकेच. व्रताने आपले तोंड शुद्ध राहिले, पण व्रत घेणाऱ्याचे कान आणि पाय मोकळेच राहिले असतील तर त्यांना काही काम द्यायला हवे.

गाडगेबाबा कीर्तनात समोर बसलेल्या माणसालाच प्रश्न विचारीत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. तसा प्रश्न आपल्या गावाला विचारण्याची एक सोय नियमांतच आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान राहावे की जावे यावर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. पण आडव्या बाटलीला झालेल्या मतांपैकी निम्मी मते मिळून चालत नाही, यादीत जेवढे मतदार आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी बाई घरातून निघालीच नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

पुष्कळ ठिकाणी आडवी बाटली हरते ती इथे, विरोधी मतांनी नव्हे. आणि अशा वेळी आपला माळकरी कुठे असतो? "हे राजकारण आहे, आपण भजन करावे" म्हणून देवळात बसलेला असतो. दुकानदाराशी कोणाचे सोयरपण असते, कोणाचे उसने असते. मी त्याला भित्रा म्हणत नाही. गावात राहायचे तर माणसे सांभाळावी लागतात. पण मग आषाढीला सरकारने एक दिवस दुकान बंद ठेवावे ही मागणी तरी कोणत्या तोंडाने करायची? उरलेल्या दिवसांचे कुलूप गावाने आपल्या हाताने लावायचे होते.

तेव्हा माऊली, या आठवड्यात हरिपाठ झाल्यावर मतदार यादी घेऊन बसा. समजा गावात ९०० बायकांची नावे आहेत. २२५ सह्या झाल्या की अर्ज जातो. आणि महिलांचे मतदान लागले, तर त्या दिवशी ४५० हून जास्त बायका केंद्रावर पोचल्या पाहिजेत. कोणी उसाच्या तोडीवर असेल, कोणी बाळंतीण, कोणी म्हातारी जिला धरून न्यावे लागेल. त्या दिवशी सकाळची धार कोणी काढायची, पोरे कोणाकडे ठेवायची आणि म्हाताऱ्यांना आणायला कोणाची गाडी, हे दिंडीतल्या पुरुषांनी आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे.