हृदय : राहायची जागा की द्यायची वस्तू?

दुसऱ्या शतकातल्या रोममधली ही हकीकत आहे. जस्टस नावाच्या गृहस्थाच्या बायकोला रात्ररात्र झोप लागत नव्हती. त्या काळचा नामांकित वैद्य गेलन तपासायला गेला, तर ती पांघरूण ओढून पडून राही आणि विचारलेल्याला धड उत्तर देत नसे. ताप नाही, दुसरे काही दुखणे नाही. एके दिवशी तो तिच्याजवळ असताना नाटकगृहातून आलेला कुणीतरी सहज बोलून गेला, की आज पिलाडीझचे नृत्य पाहिले. बाईचा चेहरा पालटला. गेलनने मनगट धरले, तर नाडी सैरभैर झालेली. दुसऱ्या दिवशी त्याने एका माणसाला पढवून वेगळ्याच नर्तकाचे नाव घ्यायला लावले. नाडीत फरक नाही. तिसऱ्या दिवशी आणखी एक नाव, तरीही काही नाही. चौथ्या खेपेला पुन्हा पिलाडीझ, आणि नाडी पुन्हा सुटली. निदान झाले.

गंमत अशी, की हा गेलन स्वतः बुद्धी मेंदूत, आवेश हृदयात आणि वासना यकृतात मानणारा होता. प्रेमाची अशी वेगळी नाडी नसते, मन अस्वस्थ झाले की नाडी बिघडते, एवढेच खरे, हेही त्याने बजावून ठेवले आहे. त्याचे हे म्हणणे आजही खोडता येणार नाही. पण जगाने त्याच्या यकृताकडे पाठ फिरवली आणि मनगटावरची ती साक्ष तेवढी लक्षात ठेवली.

का ठेवली, हे कळायला अवघड नाही. यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे जन्मभर आपापली कामे उरकतात आणि आपल्याला कानोकान खबर लागू देत नाहीत. हृदय मात्र चुगलखोर आहे. त्याचा ठेका त्याच्याच भिंतीतल्या पेशींचा एक पुंजका धरतो, पण तो वाढवणाऱ्या आणि आवरणाऱ्या चेता मेंदूकडून येतात आणि आपल्या परवानगीची वाट पाहत नाहीत. अर्थात साप दिसला तरी ते धडधडते, मुलाखतीत नाव पुकारले तरी धडधडते. मग त्यावर प्रेमानेच हक्क का सांगावा? मला वाटते, याचे उत्तर शरीरापेक्षा समाजात आहे. साप पाहून ओरडणाऱ्याला कुणी नावे ठेवत नाही. प्रेम मात्र बहुतेक समाजांत, बहुतेक काळ, लपवूनच करावे लागले. तोंड मिटून बसायची सक्ती असते तिथे आतून फितूर होणाऱ्या अवयवाला मोल येते.

एवढ्याने हृदयाची निवड समजते. शुभेच्छापत्रांवरचे लाल चिन्ह समजत नाही. ते वेगळे प्रकरण आहे. हृदयाला मान देण्यात आपणही मागे नव्हतो. छांदोग्य उपनिषदात ते कमळासारखे लहानसे घर आहे, आणि आतल्या पोकळीत जे आहे ते शोधायचे आहे. सुश्रुतसंहितेत ते खाली तोंड केलेले कमळ आहे, जागेपणी उमलणारे आणि झोपेत मिटणारे. गर्भिणीला तर तिथे दोन हृदये मानली आहेत. तिच्या इच्छा म्हणजे आतल्या जिवाच्या इच्छा, म्हणून त्या पुरवायच्या. डोहाळे पुरवण्याची आपली चाल याच समजुतीशी जोडलेली आहे. आणि छाती फाडून दाखवणारा मारुती आपण घरोघरच्या कॅलेंडरांवर पाहिला आहे. त्या चित्रात नीट पाहिले तर हृदय नावाची वस्तू दिसतच नाही. दिसतात ते आत बसलेले राम आणि सीता. आपल्याकडे हृदय ही राहायची जागा आहे. कुणी तिथे वस्तीला येतो. ती जागा उचलून कुणाच्या हातात देता येत नाही.

युरोपने नेमके तेच केले. तेराव्या शतकातल्या ‘रोमान द ला पुआर’ या फ्रेंच प्रेमकाव्याच्या हस्तलिखितात एक आकृती गुडघे टेकून प्रियकराचे हृदय स्त्रीपुढे धरते. ते हृदय पाइनच्या बोंडासारखे दिसते, त्याला वरची खाच अजून पडलेली नाही. १३०५च्या सुमारास पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तोने दयेची मूर्ती रंगवली. तिच्या एका हातात फळाफुलांचे भांडे आहे, पायाखाली पैशांच्या थैल्या आहेत, आणि दुसऱ्या हाताने ती स्वतःचे हृदय वर देवाकडे सोपवते आहे. बाजारातून आणलेली जिन्नस द्यावी इतक्या सहजपणे! खाच पुढे चौदाव्या शतकात चित्रांत दिसू लागली, आणि पंधराव्यात ते चिन्ह पत्त्यांवर चढले. शोपँ १८४९ साली पॅरिसमध्ये वारला. देह तिथेच पुरला आणि हृदय बहिणीने वॉर्साला नेले. ते आजही तिथल्या चर्चच्या खांबात आहे. देह एकीकडे आणि हृदय दुसरीकडे, ही वाटणी त्या संस्कृतीला विचित्र वाटली नाही. गोव्यातल्या कॅथलिक घरांत दिवाणखान्यात असते ती येशूची तसबीरही याच घराण्यातली. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या मार्गरीत-मारी आलाकोक या जोगिणीला झालेल्या दर्शनांनंतर ही भक्ती फोफावली. येशूचे हृदय छातीच्या बाहेर, ज्वाळांसह, भक्ताला अर्पण केलेले.

माझे म्हणणे एवढेच, की या चिन्हाने जग जिंकले ते हृदयाशी साम्य असल्यामुळे नव्हे (साम्य जेमतेमच आहे), तर ते सुटे करता येते म्हणून. जागेचे चिन्ह हातातून हातात जात नाही, वस्तूचे जाते. ते पत्त्यावर छापता येते, टपालाने धाडता येते, आणि १९७७ साली मिल्टन ग्लेझरने न्यूयॉर्कसाठी केले तसे वाक्यात क्रियापदाच्या जागीही बसवता येते. आपल्याकडे ते पत्त्यांबरोबर आले तेव्हा त्यात कुणाला प्रेमबीम दिसले नाही. आपण त्याला बदाम म्हणालो आणि बदामसात खेळत बसलो.

१६२८ साली हार्वीने हृदय रक्त फिरवणारा पंप आहे हे दाखवले, आणि त्याच पुस्तकात हृदयाला शरीराचा सूर्यही म्हटले. चिन्हाला धक्का लागला नाही. १९९० साली जपानी डॉक्टरांनी मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगण्याचा विकार वर्णन केला, तेव्हा हृदय खरोखर भंगते म्हणून अनेकांना समाधान वाटले. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, ही माहिती कवींच्या फारशी उपयोगाची नाही.

खरी परीक्षा ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये झाली. क्रिस्तियान बर्नार्डने एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला. रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. हृदय आता अक्षरशः देता येऊ लागले होते. आणि दिल्यावर काय होते? काढताना त्याच्या चेता कापल्या जातात आणि जोडता येत नाहीत. नवे हृदय आपल्याच ठेक्यावर, स्वस्थ बसल्यावरही मिनिटाला नव्वद ते एकशेदहाच्या आसपास चालते. जिना चढू लागले तरी लगेच वेग घेत नाही. रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोचेपर्यंत काही मिनिटे जातात. म्हणून अशा रुग्णाला व्यायामाआधी अंग हळूहळू तापवायला सांगतात, आणि थांबल्यावरही ते लगेच शांत होत नाही. पुढे काही वर्षांत थोड्या चेता उगवतात, पण सुरुवातीला तरी गेलनला अशा मनगटावर पिलाडीझ सापडला नसता. बायको दारात दिसली तर त्या माणसाचा जीव पूर्वीसारखाच मोहरतो. छातीला बातमी उशिरा लागते.

चिन्हाचा हा पराभव गमतीचा वाटेल, पण अतिदक्षता विभागात तो गमतीचा नसतो. हृदय चालू असताना काढायचे, तर माणूस आधी मेलेला ठरवावा लागतो. १९६८ साली हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या कायमच्या निकामी होण्याला मृत्यू म्हटले, आणि १९९४च्या कायद्याने भारताने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू मान्य केला. चार डॉक्टरांचे मंडळ, आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या. कायदा सांगतो, माणूस मेंदूत होता आणि तो गेला. आईचा हात मुलाच्या छातीवर असतो आणि तिथे ठोके लागत असतात. तिला समजावणे म्हणजे काही हजार वर्षांच्या समजुतीशी एका दुपारी झगडणे.

आणि तिला वळवण्यासाठीही आपण तीच समजूत वापरतो : तुमच्या मुलाचे हृदय कुणाच्या तरी छातीत धडधडत राहील. हे वाक्य हेतूने चांगले आहे, पण मला ते खटकते. नकार आणि होकार दोन्ही एकाच कल्पनेवर मिळवायचे, तर समजून दिलेली संमती कुठे राहिली? शिवाय ही कल्पना इतरांवर अन्याय करते. हृदयाला शरीराबाहेर जेमतेम चार तास मिळतात, म्हणून वाहतूक अडवून ग्रीन कॉरिडॉर होतो, आणि वर्तमानपत्रात मथळा येतो तो त्याचा. त्याच दात्याची मूत्रपिंडे दोघांचे डायलिसिस थांबवतात, यकृत तिसऱ्याला मिळते. त्यांची नोंद बातमीच्या शेवटच्या ओळीत असते. प्रतीक्षायादी मात्र सर्वांत लांब असते ती मूत्रपिंडाचीच.