प्रार्थना आणि धन : एका ख्रिस्ती विचाराची वाटचाल

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, म्हणजे येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचा मधला भाग, दानधर्मापासून सुरू होतो, तेथून प्रार्थनेकडे व उपासाकडे वळतो आणि पृथ्वीवर साठवलेल्या धनाला लागणारी कसर, दोन धन्यांची चाकरी करण्यातील अशक्यता आणि उद्याची चिंता या विषयांशी येऊन थांबतो. हा क्रम योगायोगाचा नाही. दान, प्रार्थना आणि उपास ही त्रयी यहुदी धर्माचरणात आधीपासूनच रूढ होती. येशूने तिच्याबाबत आग्रह धरला तो असा की, ही कृत्ये लोकांच्या नजरेआड व्हावीत आणि ती करणाऱ्याने आपला भरवसा देवावर आहे की गाठीच्या पैशावर, याचा निवाडा स्वतःशी करावा. याच अध्यायात आलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मागितलेली भाकर एका दिवसापुरती आहे आणि मागणाऱ्याने ती केवळ स्वतःसाठी मागितलेली नाही. पुढील दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती विचारात प्रार्थना, दान आणि भरवसा यांची वीण कधी घट्ट झाली, कधी उसवली. मात्र त्यांतील एक धागा जेव्हा जेव्हा वेगळा काढला गेला, तेव्हा तेव्हा बाकीचे दोनही दुबळे झाले, असे या इतिहासावरून दिसते.

आरंभीच्या मंडळीने, म्हणजे श्रद्धावंतांच्या समुदायाने, हा विचार आधी आचरणात आणला आणि मग त्याची मांडणी केली. यरुशलेममधील श्रद्धावंत जमिनी व घरे विकून आलेला पैसा गरजूंमध्ये वाटत असत, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात नोंदलेले आहे. तेथील गरिबांसाठी पौलाने मासेदोनिया व करिंथ येथील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली, तेव्हा त्याने तिचा पाया समतेवर घातला; आज एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि उद्या वेळ आली तर उलटही घडावे, अशी त्याची भूमिका होती. पुढे ख्रिस्ती धर्म श्रीमंत व्यापारी शहरांत पोहोचल्यावर अडचण निर्माण झाली. सर्व काही विकून गरिबांना देण्यास येशूने ज्या धनिक तरुणाला सांगितले, त्याची कथा ऐकून श्रीमंत माणसे निराश होत. इ. स. २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि टाकायची आहे ती संपत्तीची आसक्ती, संपत्ती हे केवळ साधन आहे, कोणाजवळच काही उरले नाही तर भुकेल्याला जेवू कोण घालणार, असे त्यात प्रतिपादन केले. हे विवेचन समंजस आहे, पण आसक्ती सुटली आहे की नाही हे ज्याचे त्यालाच ठरवायचे असल्याने सुखवस्तू माणसाला त्यात सोयीची पळवाटही सापडते. त्यानंतर सुमारे ७० वर्षांनी इजिप्तमधील अँटनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये तीच कथा ऐकली, वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, उरलेली चीजवस्तू विकली आणि पुढे तो वाळवंटात जाऊन प्रार्थनेत राहू लागला. ख्रिस्ती संन्यस्त जीवनाची परंपरा त्याच्या नावाशी जोडली जाते. या दोन टोकांमधून वाट काढली ती कॅपाडोशियातील कैसरियाचा पुढे बिशप झालेल्या बेसिलने. इ. स. ३६९ च्या सुमारास त्या प्रदेशात दुष्काळ पडला असता, जुनी कोठारे पाडून मोठी बांधू पाहणाऱ्या शुभवर्तमानातील श्रीमंताच्या दृष्टांतावर त्याने प्रवचने दिली आणि साठवून ठेवलेले धान्य मुळात भुकेल्याचेच असते, असे ठामपणे सांगितले. शहराबाहेर त्याने रुग्ण, वाटसरू व निराधार यांच्यासाठी उभारलेली वसाहत पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. दान ही देणाऱ्याची मर्जी न राहता घेणाऱ्याचा हक्क ठरतो, हा बेसिलच्या विचाराचा गाभा होय.

प्रार्थना आणि संपत्ती यांचा संबंध सर्वांत खोलवर तपासला तो मात्र ऑगस्टीनने, आणि तोही एका श्रीमंत स्त्रीच्या प्रश्नाला उत्तर देताना. इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटल्यानंतर अनिकिया या अतिधनाढ्य घराण्यातील प्रोबा ही विधवा उत्तर आफ्रिकेत आश्रयाला आली, आणि प्रार्थना कशी करावी, असे तिने हिप्पोचा बिशप असलेल्या ऑगस्टीनला विचारले. इ. स. ४१२ च्या सुमारास त्याने तिला लिहिलेले दीर्घ पत्र त्याच्या पत्रसंग्रहात १३० व्या क्रमांकाचे मानले जाते. त्यात त्याने आरंभीच अपेक्षेपलीकडची गोष्ट सांगितली : प्रार्थना करण्याआधी, ऐश्वर्य कितीही असले तरी, माणसाने स्वतःला या जगात निराधार समजावे, कारण ज्याला आपण निराधार आहोत असे वाटत नाही, त्याच्या मागण्यात जीव नसतो. पैसा माणसाला खरा दिलासा देऊ शकत नाही, हे रोमच्या लुटीतून वाचलेल्या स्त्रीला वेगळे पटवून देण्याची गरज नव्हती. पुढे त्याने जुनाच प्रश्न घेतला : देवाला आपली गरज आधीच ठाऊक असेल, तर मागायचे कशाला? ऑगस्टीनच्या उत्तराचा आशय असा की, प्रार्थना देवाला काही कळवण्यासाठी नसून मागणाऱ्याची इच्छा वाढवण्यासाठी असते, म्हणजे देव जे देऊ इच्छितो ते सामावून घेण्याइतके त्याचे अंतःकरण मोठे व्हावे. जगण्यापुरते मागण्यास त्याने हरकत घेतली नाही. त्यापलीकडचे धन वा मानमरातब जर त्यामुळे इतरांचे भले साधता यावे म्हणून मागितले, तर तेही क्षम्य ठरते, परंतु केवळ हवे म्हणून मागणे योग्य नाही, अशी मर्यादा त्याने घालून दिली. प्रार्थनेचे फळ काय मिळाले यावर न मोजता मागणारा कसा बदलला यावर मोजण्याची ही दृष्टी ख्रिस्ती विचाराची मोठी कमाई आहे, आणि पुढच्या काळात तिचाच सर्वाधिक विसर पडला.

मध्ययुगात हा विचार मठांमध्ये जपला गेला, पण मठच पुढे जमीनदार झाले. त्याची प्रतिक्रिया म्हणून असिसीच्या फ्रान्सिसने कापडव्यापारी पित्याची संपत्ती, अंगावरच्या कपड्यांसकट, बिशपसमोर परत केली आणि निष्कांचन राहणारा संघ स्थापला. १२२६ मध्ये तो वारल्यानंतर शंभर वर्षांच्या आत त्याच्या अनुयायांमध्ये दारिद्र्याच्या व्याख्येवरून इतका वाद पेटला की, ख्रिस्ताची व प्रेषितांची कसलीही मालमत्ता नव्हती हे मतच पोप जॉन बाविसावा याने १३२३ मध्ये पाखंड ठरवले. मार्टिन ल्यूथरने दारिद्र्याला मुळी पुण्यच मानले नाही. १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ लावताना त्याने, माणसाचे मन ज्यावर विसंबते तोच त्याचा देव, अशी कसोटी दिली आणि पैसा ही जगातील सर्वांत सार्वत्रिक मूर्ती आहे असे दाखवून दिले. भिक्षा बंद करून गावाने सामाईक निधीतून गरिबांची सोय करावी, ही व्यवस्था त्याच्या प्रेरणेने विटेनबर्ग व लाइस्निग येथे सुरू झाली. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला वेगळीच चिंता लागून राहिली : धर्मनिष्ठ माणसे उद्यमी व काटकसरी होतात, त्यामुळे श्रीमंत होतात आणि श्रीमंतीमुळे धर्मनिष्ठा गमावतात. ज्याने मिळवावे व वाचवावे त्याने तितक्याच जोमाने देऊनही टाकावे, हा एकच उपाय त्याला दिसत होता.

भरवशाचा धागा मात्र अनाथालयांच्या कामातून पुढे आला. जर्मनीतील हाले येथे आउगुस्ट हेरमान फ्रांके याने १६९५ मध्ये अगदी तुटपुंज्या देणगीतून जे काम आरंभले, त्यातून तेथील प्रसिद्ध अनाथालय उभे राहिले. त्याच हालेच्या विद्यापीठात शिकलेला जॉर्ज म्युलर (१८०५-१८९८) इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक झाला, १८३० मध्ये त्याने ठरावीक वेतन सोडले, आणि फ्रांकेचे चरित्र वाचून १८३६ मध्ये ब्रिस्टल शहरात अनाथालय सुरू केले. त्याचा मूळ हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. औद्योगिक इंग्लंडमध्ये चौदा-सोळा तास राबणारे कामगार, धंद्यात लबाडी न केल्यास बुडू असे मानणारे व्यापारी, म्हातारपणी गरीबगृहात जावे लागेल या धास्तीने खंगणारी माणसे त्याच्याकडे येत. या सर्वांना देवाच्या विश्वासूपणाचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा द्यावा, अनाथांचे पालनपोषण हे त्या पुराव्याचे रूप असावे, अशी त्याची योजना होती. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचे नाही, गरज फक्त प्रार्थनेत मांडायची, असे त्याचे नियम होते. १८४१ च्या अखेरीस संस्थेजवळ जवळपास काहीच शिल्लक नव्हते, आणि नेमकी वार्षिक अहवाल छापण्याची व जाहीर सभा घेण्याची वेळ आली होती. अशा वेळी हिशेब लोकांपुढे ठेवणे म्हणजे आडवळणाने मदत मागण्यासारखे होईल, म्हणून म्युलरने अहवाल व सभा दोन्ही काही महिने लांबणीवर टाकल्या. आलेली प्रत्येक रक्कम मात्र त्याने नोंदवली, देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवून वर्षाकाठी छापली आणि आयुष्यभरात आलेले सुमारे पंधरा लाख पौंड शाळा, मिशनरी व अनाथ मुले यांच्यासाठी खर्च केले. ॲशली डाउन येथील त्याच्या पाच इमारतींत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय होती. देवावरचा भरवसा आणि चोख हिशेब यांत विरोध नाही, हे त्याने कोणत्याही ग्रंथापेक्षा प्रभावीपणे सिद्ध केले.

म्युलरच्या या कामाची हकिकत महाराष्ट्रात एका असाधारण वाचकाच्या हाती पडली. पंडिता रमाबाईंनी १८९५ च्या सुमारास म्युलर, चायना इनलँड मिशन आणि मिशनरी जॉन पेटन यांच्याविषयीची पुस्तके वाचली, आणि इतर देशांप्रमाणे हिंदुस्थानातही केवळ देवावर विसंबून काम करता येईल काय, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहिला, हे त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, नमूद केले. त्यांच्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत होते. जवळचा पैसा पूजाअर्चेत व दानदक्षिणेत संपला, भीक मागणे वा मोलमजुरी करणे स्वाभिमानाला मानवेना, पोट भरण्याचे कसलेच व्यावहारिक शिक्षण नव्हते, आणि आईवडील उपासमारीने खंगून गेले. त्या कुटुंबाची भक्ती निःसंशय निर्मळ होती आणि दातृत्वही. मात्र हातांना काम नव्हते. १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा दहा वर्षांचा आधार होता. तो १८९८ मध्ये संपत असताना, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणलेल्या असताना, पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती’ ही वसाहत उभी राहिली. तिला निश्चित उत्पन्न नव्हते. तरीही तेथे प्रार्थनेच्या जोडीला विहिरी खणल्या गेल्या, शेती व फळबागा झाल्या, विणकाम व तेलघाणे सुरू झाले, आणि मुली छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून, त्यांच्या १९२२ मधील मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. लहानपणच्या दुष्काळाचे उत्तर रमाबाईंनी भरवशात श्रमाची भर घालून दिले, असे म्हणणे रास्त ठरेल. म्युलरच्या आदर्शात त्यांनी घातलेली ही स्वतंत्र भर आहे आणि तिची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोही याच वाटेवरचा प्रयत्न होता, पण १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने त्याला बहरायला अवधी मिळाला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत याच शब्दांना उलटा अर्थ देणारी शिकवण फोफावली. ओरल रॉबर्ट्स यांच्यासारख्या प्रचारकांनी दानाला बियाणे म्हटले. श्रद्धेने दिलेला पैसा अनेक पटींनी परत येतो, संपत्ती हा देवाच्या प्रसन्नतेचा पुरावा आहे, असा हा समृद्धीचा संदेश दूरचित्रवाणीवरून आफ्रिका, लॅटिन अमेरिका आणि भारत येथील गरीब वस्त्यांपर्यंत पोहोचला. त्यात प्रार्थना आहे, दान आहे, भरवशाची भाषाही आहे, परंतु भुकेला शेजारी त्या व्यवहारातून नाहीसा झाला आहे, आणि देणारा स्वतःच्याच लाभासाठी देत आहे. घानातील आक्रोपाँग येथे २००८ व २००९ मध्ये जमलेल्या लोझान चळवळीच्या, म्हणजे इव्हँजेलिकल ख्रिस्ती लोकांच्या जागतिक चळवळीच्या, ईशविद्याभ्यासकांनी या शिकवणीची छाननी केली. दारिद्र्यात काही पवित्र नाही आणि देव चमत्कार करू शकतो, हे मान्य करूनही, संपत्तीला आशीर्वादाचे माप ठरवणे आणि गरिबांच्या आशेवर प्रचारकांनी श्रीमंत होणे त्यांनी चुकीचे ठरवले. हा निर्णय योग्य आहे, पण तो विद्वानांच्या निवेदनात राहून भागणार नाही. श्रद्धेच्या नावाने दान घेणाऱ्या प्रत्येक सेवाकार्याकडे मंडळीतील सामान्य माणसाने आलेल्या व खर्च झालेल्या रकमांचा छापील हिशेब दर वर्षी मागावा, आणि तसे मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे कोणी म्हटल्यास बधू नये. यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी पोहोचवताना कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये, म्हणून खुद्द पौलाने मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस आपल्या सोबत घेतला होता.