नाकासमोर चालताना

आयुष्यभर मी नाकासमोर चाललो. पण चालता चालता तेच नाक गळू लागलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही.

डॉक्टरांनी रक्तातली साखर पाहून 'पहाटे भरभर चाला' असं फर्मावलं, तेव्हा मी लातुरात होतो. पुढं बदली नांदेडला झाली. नाक तेच राहिलं. डिसेंबर-जानेवारीतली मराठवाड्याची पहाट कोरडी आणि बोचरी. आत जाणारी हवा ऊबदार आणि ओलसर करायची, हे नाकाचं काम. श्वास वाढला की त्या बिचाऱ्याला ओव्हरटाइम पडतो. शिवाय आतून येणाऱ्या वाफेचं गार शेंड्यावर पाणी होतं, ते वेगळंच. म्हणजे ही सर्दी नव्हे, कर्तव्यदक्षता! ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं, तिथंही माझ्या नाकानं कधी टंचाई जाहीर केली नाही. रुमाल मी हटकून घरी विसरतो. पण मफलर असतो, आणि त्याचं टोक कुणाच्या लक्षात येत नाही.

ते असो. प्रश्न पडला तो दुसऱ्याच्या नाकाचा.

नांदेडला गोवर्धन घाटाकडं आमचा पाच जणांचा कंपू फिरतो. त्यात एक निवृत्त हेडमास्तर. परवा सर नीतिमत्तेवर रंगात येऊन बोलत होते, आणि एक थेंब त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर पडू की नको करत लोंबकळत होता. समोरून त्यांची जुनी विद्यार्थिनी येत होती. आता ती स्वतःच मुख्याध्यापिका आहे. सांगावं? पंच्याहत्तरीच्या माणसाला 'सर, नाक पुसा' म्हणावं? अप्रिय सत्य बोलू नये म्हणतात. म्हणणारा थंडीत गोदाकाठी फिरला नसावा. आणि खरं सांगायचं तर, आपण गप्प बसतो ते समोरच्याची लाज राखायला, की आपली पंचाईत टाळायला?

मी मधला मार्ग काढला. त्यांना दिसेल अशा बेतानं मफलरच्या टोकानं माझंच नाक खसाखसा पुसलं. ते त्या क्षणी तरी कोरडं होतं.

सर थांबले. खिशातून घडीचा रुमाल काढून त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"घ्या. आठवडाभर बघायलो मी, मफलरला पुसायलात तुम्ही. म्हणलं, सांगावं कसं?"

बाकीचे तिघे नदीकडं बघू लागले. त्या आठवड्यात मला कोण कोण भेटलं, ते मी आठवत राहिलो. बाई जवळ आल्या, सरांना नमस्कार केला. थेंब तसाच होता.